मुलीच्या मानेवर-कमरेवर पुरळ, कपड्यांसाठी बिनवासाचं काय घेऊ? (बजेट महिना ३०० रु.)

शिरोडेकरीण
नमस्कार मंडळी. मुलगी ७ वर्षांची. मानेमागे, कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि कोपराच्या आतल्या घडीत लाल, खाजरं पुरळ आहे. महिना होत आला. सासूबाईंच्या बोटांच्या बेचक्यात भेगा पडल्यात. घरी सेमी-ऑटोमॅटिक मशीन आहे, पण स्पिनर बंद, कपडे हाताने पिळतो. साधी पावडर वापरतो आणि शेवटच्या पाण्यात कंडिशनर, कारण पावसात कपड्यांना कुबट वास येतो. फरशीला फिनेल, कपाटात डांबरगोळ्या, भांड्यांना बार. पाणी विहिरीचं. विहीर मिठागराच्या बाजूला, मे महिन्यात मचूळ होते. महिन्याला ३०० रुपयांच्या वर जायचं नाही. नेमकं काय घेऊ?

सड्यावरचा
ताई, फ्रंट लोड घ्या. बाकी सगळी मलमपट्टी. ६० अंशाचं पाणी, एक्स्ट्रा रिन्सचं बटण, आणि पिळून निघालेला कपडा अर्धा सुकलेलाच असतो. पावसाळ्यात यासारखं सुख नाही. ईएमआयवर मिळतं.

वेंगुर्लेवाली
लहान बाळांच्या कपड्यांचं लिक्विड घ्या. बादलीला एक बूच पुरतं. पावडर पूर्ण विरघळत नाही, शिवणीत कण अडकतात आणि नेमके तिथेच चावतात. महाग आहे, ३०० मध्ये बसणार नाही, पण मुलीच्या अंगापुढे पैसे बघू नका.

बागवाला_देवगड
साबणाच्या आधी एक विचारतो. महिनाभरापूर्वी म्हणजे ऐन आंब्याचा हंगाम. घरात कोणी आंबे उतरवतं का, पेट्या भरतं का? देठाचा चीक आंब्याच्या सालीवर, शर्टाच्या बाहीवर सुकून बसतो. सालीत आणि चिकात जे द्रव्य असतं ते काजूच्या टरफलातल्या तेलाच्या जातीचं, आणि त्याची ॲलर्जी असली की ओठाच्या कडेला, मानेला, मनगटाला पुरळ येतं. बागेतले कपडे घरच्या कपड्यांसोबत भिजवू नका. वेगळी बादली, आधी नुसत्या पाण्यातून दोनदा काढायचे, मग पावडर.

आंबोलीघाट
बिब्याचंही तेच. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्याचं तेल वापरायचे आणि बरोबर त्या खुणेखाली, मानेला किंवा कमरेला, चट्टा उठायचा. इंग्रजी वैद्यकात त्याला धोब्याच्या नावानेच ओळखतात. लॉन्ड्रीत देत असाल तर खूण कशाने करतात ते विचारा.

बागवाला_देवगड
बिबा वेगळा, आंबा वेगळा. सगळं एका माळेत ओवू नका.

आंबोलीघाट
एकाच कुळातले आहेत, काजू, आंबा, बिबा तिन्ही. एकाची ॲलर्जी असली की दुसऱ्याची असण्याची शक्यता वाढते. म्हणून तर सांगतोय.

मालवणी_आजो
माझा ऐका, रिठे घेवा. बाजारातला लिक्विड घेवन पैसे कशाक घालवतास? आठ रिठे फोडून बियो काढा, रात्री लिटरभर पाण्यात भिजत घाला, सकाळी पंधरा मिन्टा उकळा, हातान कुसकरून गाळून घेवा. अर्धो लिटर एका बादलीक पुरता. फेस कमी येता म्हणून घाबरा नको.

रसायनशाळा
आजोंची कृती बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. हे पाणी टिकत नाही, फ्रीजबाहेर दोन दिवसांत आंबतं, म्हणून लागेल तेवढंच करा. आणि डोळ्यात गेलं तर प्रचंड चुरचुरतं, मुलांना जवळ येऊ देऊ नका. तेलकट कॉलर, मासळीचा ओशट वास याला रिठा कमी पडतो. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असंही धरू नका. लिंबाच्या सालीतलं आणि लव्हेंडरच्या तेलातलं सुवासिक द्रव्य हवेशी संयोग पावून मुरतं, आणि मगच ते ॲलर्जी जास्त देतं.

आता मूळ प्रश्न. ताई, तुमच्या यादीत पहिला संशयित पावडर नाही, कंडिशनर आहे. पावडर धुऊन जावी अशीच बनवलेली असते. कंडिशनर धाग्यावर चिकटून राहावा असा बनवलेला असतो, तेच त्याचं काम. काहींत सुगंधाच्या सूक्ष्म कुप्या असतात, कपडा अंगावर घासला की फुटतात. म्हणून मान, कंबर, काखेची कड.

वेंगुर्लेवाली
मग बाळांचं लिक्विड तरी घ्यायला हरकत काय?

रसायनशाळा
वहिनी, हरकत नाही, पण लिक्विड म्हणजे सौम्य हे समीकरण चूक. पाणी असलेल्या मालात बुरशी होऊ नये म्हणून परिरक्षक घालावा लागतो. त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे ॲलर्जीसाठी इतकं कुप्रसिद्ध झालं की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये त्याला त्या वर्षाचं ॲलर्जन ठरवलं. कोरड्या पावडरीला तो लागतच नाही. शिवाय बाळाचं चित्र असलं तरी आत सुगंध असू शकतो. 'अनसेंटेड' लिहिलं असेल तर मूळ वास झाकायला दुसरा वास घातलेला असू शकतो. 'फ्रॅग्रन्स फ्री' असे शब्द हवेत. युरोपातल्या डब्यांवर लिनालूल, लिमोनिन अशी नावं छापावी लागतात, आपल्याकडच्या डब्यांवर बहुतेक वेळा नुसतं 'परफ्यूम' असतं.

गणपतीचा_रंग
हे परिरक्षक पाण्यातल्या रंगांतही असतात. गणपतीच्या आधी भिंती रंगवायच्या झाल्या तर त्या खोलीत मुलीला आठ-दहा दिवस झोपवू नका, खिडक्या उघड्या ठेवा. डोळ्यांच्या पापण्या सुजल्या की लोक साबण बदलत बसतात.

शिरोडेकरीण
घर अजून रंगवलेलं नाही. आंबे आमचे नाहीत, विकत आणून खातो. लॉन्ड्रीत काही देत नाही. पुरळ मानेमागे आहे, तोंडाजवळ नाही. फ्रंट लोड शक्य नाही.

सड्यावरचा
सेकंड हँड बघा, सावंतवाडीला मिळतात.

मांडवी_किनारा
वडी वापरा, साधा कपड्यांचा साबण. त्यात हे परिरक्षक-बिरक्षक कमी.

रसायनशाळा
विहीर मचूळ आहे असं त्यांनी लिहिलंय, म्हणून मे महिन्यात वडी चालणार नाही. क्षार जास्त असले की साबणाची दह्यासारखी साय होते, ती धाग्यात बसते आणि कपडा ताठ होतो. जांभ्यातल्या गोड्या विहिरीवर वडी उत्तम. तपासायची रीत सोपी. झाकणाच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या, वडीचा नखाएवढा कीस टाका, जोरात हलवा. फेस पाच मिनिटं टिकला आणि खाली पाणी स्वच्छ राहिलं तर वडी चालेल. पाणी दुधट झालं तर पावडरच बरी. पाऊस लागल्यावर विहीर गोडी होते, तेव्हा पुन्हा तपासा.

मांडवी_किनारा
शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घाला, सगळा साबण निघून जातो.

रसायनशाळा
सगळा निघत नाही. व्हिनेगर पावडरीतला सोडा मारतं. सुगंध आणि फेस करणारं द्रव्य जातं ते नुसत्या पाण्याने. घालायचंच तर पांढरं, १५ लिटरला दोन मोठे चमचे, त्याहून जास्त नाही, मशीनच्या रबराला रोजचं व्हिनेगर सोसत नाही. आणि हे ठळक अक्षरात वाचा: पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, किंवा कुठलंही ब्लीच, यांच्यासोबत व्हिनेगर कधीही नाही. क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात जिवावर बेततं.

नर्सताई
मी फक्त पुरळाबद्दल लिहिते. सात वर्षांच्या मुलीला कोपराच्या घडीत पुरळ म्हणजे मुळात कोरड्या कातडीचा एक्झिमा असू शकतो. साबण आणि घाम तो भडकवतात. कमरेखाली गोल चट्टा, कड उठलेली आणि मध्यभाग बरा दिसतोय, तर तो नायटा. पावसात ओले इलॅस्टिक घातले की होतोच. रात्री खाज वाढते आणि घरातले इतरही खाजवतायत, तर खरूज बघा. तिन्हींची औषधं वेगळी आहेत. मेडिकलमधून 'खाजेचं मलम' आणू नका. त्यात बहुधा स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. नायट्यावर ते लावलं की चार दिवस बरं वाटतं, मग तो पसरतो आणि ओळखूही येत नाही.

आंघोळ कोमट पाण्याने, आणि अंग टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत खोबरेल किंवा साधं पेट्रोलियम जेली. वासाचं केसांचं तेल नको.

मालवणी_आजो
खोबरेल घाण्यावरचा घेवा.

नर्सताई
सासूबाईंच्या बेचक्यातल्या भेगांचं कारण बहुतेक भांड्यांचा बार आणि दिवसभराचा ओलावा. राखेने भांडी घासू नका, राखेचं पाणी सोड्यासारखंच कडक असतं. हातमोजे घ्या, पण नायट्राइलचे किंवा व्हिनाइलचे, आत सुती मोजे, आणि सलग १५-२० मिनिटांच्या वर नाही, नाहीतर घामानेच कातडी फुटते. अंगठी काढून ठेवायची. तिच्याखाली साबण साठतो.

वेंगुर्लेवाली
डांबरगोळ्यांबद्दल कोणीच बोललं नाही.

नर्सताई
बरं झालं आठवण केलीत. त्या ताबडतोब काढा. घरात तान्हं बाळ येणार असेल तर विशेष, कारण जी६पीडी नावाच्या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात उणीव असलेल्या बाळाला डांबरगोळीच्या वासातल्या कपड्यांनी कावीळ आणि रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. कपाटातले कपडे धुऊन, उन्हात दोन दिवस काढून मगच घाला.

शिरोडेकरीण
चट्टा गोल नाही, पट्ट्यासारखा आहे, इलॅस्टिक बसतं तेवढाच. बाकी कोणाला खाज नाही. ॲलर्जीची ती पाठीवरची टेस्ट जवळ कुठे होते?

नर्सताई
पट्ट्यासारखा असेल तर कपड्यातलंच काहीतरी, इलॅस्टिकचं रबरही असू शकतं. आतून सुती पट्टी शिवून घ्या. पॅच टेस्टसाठी सिंधुदुर्गातले बरेच जण बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या त्वचा विभागात जातात. जायच्या आधी कोणत्या दिवशी करतात ते विचारा. पट्ट्या ४८ तास पाठीवर ठेवतात, मग काढून बघतात आणि लावल्यापासून ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ ओली करायची नाही, घाम यायला नको. म्हणून आपल्याकडे ही टेस्ट मे-जूनमध्ये करू नये, दिवाळीनंतर चांगली. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर निकाल चुकतो. घरी पावडर ओली करून कातडीवर बांधून बघणं हा प्रकार कोणी करू नका, भाजल्यासारखे फोड येतात. डॉक्टरांना मात्र आताच दाखवा, टेस्टची वाट बघू नका.

रसायनशाळा
३०० रुपयांत काय होईल ते लिहितो. पावडर तीच, माप निम्मं. आधी एक तांब्या गरम पाण्यात पूर्ण विरघळवायची, मग बादलीत ओतायची, मग कपडे. अर्धा तास पुरे, रात्रभर भिजवून मळ जास्त निघत नाही, कुबट वास मात्र येतो.

खरी गोम खळबळण्यात आहे. ३ किलो कपडे हाताने पिळले तरी त्यांत साधारण ३ लिटर साबणाचं पाणी राहतं. ते १५ लिटर स्वच्छ पाण्यात घातलं की मूळच्या सहाव्या हिश्शाएवढा साबण उरतो. दोन पाण्यांनी छत्तिसावा हिस्सा, तीन पाण्यांनी दोनशे सोळावा. म्हणून तिसरं पाणी सोडू नका. घासणाऱ्याचा हात थकतो तो नेमका तिसऱ्या पाण्याला.

जुना साठा आहे का ते बघायला धुतलेला, सुकलेला टॉवेल नुसत्या गरम पाण्यात टाकून हाताने दहा मिनिटं हलवा. फेस आला तर तेवढं सगळं मुलीच्या अंगाला लागत होतं.

सड्यावरचा
एवढं गणित करण्यापेक्षा फ्रंट लोड.

शिरोडेकरीण
टॉवेलची परीक्षा आत्ता केली. फेस बादलीच्या कडेपर्यंत. पाणी निळसर आणि कंडिशनरचा वास. तीन वेळा पाणी बदललं तरी येतोच आहे.

रसायनशाळा, स्पिनर चालू असता तर किती फरक पडला असता?

रसायनशाळा
स्पिनरमध्ये निम्मं पाणी जास्त निघतं, म्हणजे दीड लिटर उरतं. मग एका पाण्यात अकरावा हिस्सा, दोन पाण्यांत एकशे एकविसावा. तुमचं तिसरं पाणी वाचलं नाही तरी हात वाचतात. पण दुरुस्तीला पैसे घालण्यापेक्षा हाताने तिसरं पाणी द्या, मी तेच सुचवेन.

मिस्त्री_कुडाळ
स्पिनर गुणगुणतो पण फिरत नाही, की आवाजच नाही? गुणगुणत असेल तर कपॅसिटर गेला किंवा ब्रेक अडकलाय. झाकणाला जोडलेली वायर ब्रेकची पट्टी ओढते. आपल्या खाऱ्या हवेत तिची स्प्रिंग गंजून तुटते आणि ब्रेक लागलेलाच राहतो. प्लग काढून मागचं पॅनल उघडा, झाकण बंदच ठेवून (उघडं असलं की ब्रेक लागतोच) ड्रम मागून हाताने फिरवून बघा. जड लागला तर ब्रेक, हलका फिरला तर कपॅसिटर. कपॅसिटरला प्लग काढल्यावरही हात लावू नका, आत वीज साठलेली असते. आवाजच नसेल तर झाकणाचा स्विच.

शिरोडेकरीण
गुणगुणतो. ड्रम जड लागतोय.

ठरवलं. लिक्विड घेत नाही, रिठेही नाहीत, वडीही नाही. पावडर तीच, निम्मी. कंडिशनर आणि डांबरगोळ्या आज बंद. या महिन्याचे ३०० आणि पुढच्या दोन महिन्यांचे मिळून स्पिनरला घालते. सासूबाईंच्या हातांनी तिसरं पाणी होणार नाही, आणि सकाळी मला शाळेच्या गाडीआधी जमत नाही.

वेंगुर्लेवाली
तीन महिन्यांचे पैसे एका स्प्रिंगवर! तेवढ्यात लिक्विडचे दोन मोठे डबे आले असते.

सड्यावरचा
आणि कुबट वासाचं काय? कंडिशनर नसेल तर श्रावणापर्यंत नाकाला रुमाल.

रसायनशाळा
कुबट वास ओल्यातल्या जिवाणूंचा आणि बुरशीचा, कंडिशनर तो फक्त झाकतो. पिळल्यावर लगेच, ढिगात न ठेवता, हातभर अंतर सोडून दोरीवर, खाली पंखा. आतले कपडे इस्त्री करून पूर्ण सुकवा. निर्णय माझ्या सल्ल्याविरुद्ध असला तरी चालेल. एकच मागणं, फिनेल आणि भांड्यांचा बार या तीन-चार आठवड्यांत बदलू नका, नाहीतर पुरळ कशाने गेलं ते कळणार नाही. मधे एखादा दिवस पुरळ वाढलं तरी लगेच दुसरं काही आणू नका, कातडी शांत व्हायला तेवढे दिवस लागतात.

नर्सताई
मुलीचे आधीचे सगळे कपडे, चादर आणि उशीचा अभ्रा सोसतील तेवढ्या गरम पाण्यातून साबणाशिवाय काढा, फेस यायचा थांबेपर्यंत. शाळेचा गणवेश विसरू नका, कॉलर तोच घासतो.

मिस्त्री_कुडाळ
स्प्रिंग घेताना स्टीलची मागा, साधी घेतलीत तर पुढच्या पावसात पुन्हा गंजेल.