कुत्र्यांनी धरलेलं हरणाचं पाडस गोठ्यात आहे, काय करू?

वावरवाला_कारंजा
कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या बाजूला आमचं वावर आहे. आज सकाळी सोयाबीन सोंगायला गेलो तर गावातली तीन कुत्री एका पाडसामागे लागलेली. सोडवलं. मागच्या मांडीला दात लागलेत, रक्त थांबलंय, लंगडतंय. गोठ्यात पोत्यावर ठेवलंय. पोरगी तर नाव ठेवून मोकळी झाली. दूध कोणतं पाजू? आणि बरं झालं की वावरातच सोडलं तर चालेल का? गावातले म्हणतात, फॉरेस्टवाल्यांना कळवलं तर लचांड मागे लागेल.

धुऱ्यावरचा
भाऊ, दुधाची घाई नोको करू. मायी चूक सांगतो. मागच्या साली सोंगणीत असंच पिल्लू दिसलं, लागलं-बिगलं काही नव्हतं, चुपचाप पडून होतं. मले वाटलं माय सोडून गेली. घरी आनलं, गायीचं दूध पाजलं. दुसऱ्या दिवशी ढाळ, तिसऱ्या दिवशी गेलं. मंग सालदारानं सांगतलं, माय दोन दिवस त्याच धुऱ्यावर चकरा मारत होती.

ढोरांचा_डॉक्टर
धुऱ्यावरचा म्हणतात ते खरं आहे. हरणी पिल्लाला गवतात दडवून चरायला जाते आणि पाजायलाच परत येते. न लागलेलं पिल्लू दिसलं तर तिथून आपणच निघून जायचं.

तुमचं पाडस मात्र चावलेलं आहे, ते परत ठेवू नका. कुत्र्याच्या दाताची जखम वरून टिकलीएवढी दिसते, आत खोल असते आणि सडते. त्याला लवकर औषध लागतं. तोवर गोठ्यातली गर्दी हाकला, अंधार करा, डोळ्यांवर सैल फडकं टाका. मांडीवर घेऊन फोटो तर अजिबात नको. हरणाच्या जातीला धावपळ आणि धरपकड झाली की भीतीनं स्नायू आतून फाटतात, त्यातला घाण अंश मूत्रपिंडात जातो आणि वरवर ठीक दिसणारं जनावर दोन-चार दिवसांनी मरतं. मी जखमेपेक्षा याला जास्त भितो.

कुशीवर पडू देऊ नका, पोट फुगतं. छातीवर बसतं करा. अंग गार असेल तर आधी ऊब द्या. गार पिल्लाला दूध पचत नाही आणि जबरदस्तीनं ओतलेलं फुफ्फुसात जातं. तुमचे हातही साबणानं पंधरा मिनिटं धुवा, हाताला ओरखडे असतील तर सरकारी दवाखान्यात दाखवा. कुत्री पिसाळलेली होती की नाही, कोणाला ठाऊक?

यवतमाळकर_जोधपूर
नोकरीनिमित्त इकडे मारवाडात आहे. इथे चिंकाऱ्यांची हीच रड. पावसात जमीन ओली झाली की खुर रुततात आणि वाळूत सहज निसटणारं हरीण कुत्र्यांना सापडतं. आपल्या काळ्या मातीत तर ढेकूळच पायाला चिकटून येतं. बिश्नोई बायांनी अनाथ पाडसाला अंगावर पाजल्याचं तुम्ही ऐकलंच असेल. पण ते पाहून आपण घरी पाळायला जाऊ नये. माणसात वाढलेलं हरीण कुत्र्याला भीत नाही, आणि नर असला तर शिंगं फुटल्यावर माणसालाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो.

ढोरांचा_डॉक्टर
लचांडाबद्दल: 1972 च्या वन्यजीव कायद्यानं असं जनावर सरकारची मालमत्ता असतं, हाती आलं की 48 तासांत कळवायचं. कळवणाऱ्याला काही होत नाही, ठेवून घेणाऱ्याला होतं. वनविभागाचा 1926 नंबर लावा. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, समृद्धीवरून फार वेळ लागत नाही.

वावरवाला_कारंजा
1926 लावला. दुपारी गाडी आली, ढोरांच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन पुढे नेलं. चौकशी म्हणजे नाव, गाव, वेळ, एवढीच. पोरगी रुसली आहे, ते होईल ठीक. आता कुत्र्यांचं काही सुचवा. तिघंही संध्याकाळी पुन्हा धुऱ्यावरच बसलेली होती.