बनियनचा ख्रिस्ती बायकोमुलांना टाकून का पळतो?

प्रश्न (दोन मुलांची आई):
जॉन बनियनची 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' ही जुनी इंग्रजी रूपककथा वाचायला घेतली आणि सुरुवातीलाच अडले. बायकोमुलं मागून हाका मारतायत, आणि कथेचा नायक ख्रिस्ती कानांत बोटं घालून 'सार्वकालिक जीवन!' ओरडत पळतोय. बनियन स्वतः इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या तुरुंगात 12 वर्षं होता; धर्मप्रचार थांबवतो म्हणाला असता तर सुटला असता. घरी आंधळी मुलगी होती. या माणसाला लेकरांची माया होती की नाही?

संडे स्कूलवाली:
ताई, होती. तुरुंगातच लिहिलेलं त्याचं आत्मचरित्र 'ग्रेस अबाउंडिंग' (1666) वाचा. बायकोमुलांपासून तुटणं म्हणजे हाडांवरून मांस ओढून काढण्यासारखं, असं तो लिहितो. आंधळी मेरी तर त्याच्या सर्वांत जवळची. कल्हई-डागडुजीचा धंदा बंद पडला, म्हणून आत बसून बुटांच्या नाड्या करून तो घरच्यांना हातभार लावायचा. माझ्या मते पळणाऱ्या ख्रिस्तीचं ते पान दगडाच्या काळजाच्या माणसानं लिहिलेलं नाही. ज्याला त्या हाका रोज ऐकू येत होत्या, त्यानं लिहिलंय.

आणि एलिझाबेथला विसरू नका! ही त्याची दुसरी बायको, मुलं पहिलीची. नवऱ्याला पकडल्याच्या धक्क्यानं तिचं स्वतःचं बाळ गेलं. तरी 1661 च्या ऑगस्टमध्ये ती नवऱ्याच्या सुटकेसाठी बेडफर्डला न्यायाधीशांपुढे उभी राहिली. एवढ्या लहान वयात चार मुलं कशी, असं त्यांतल्या मॅथ्यू हेलनं विचारलं, तेव्हा म्हणाली, मी सावत्र आई आहे, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत. नवरा प्रचार सोडेल का, या प्रश्नावर तिचं उत्तर होतं की बोलता येतंय तोवर त्याची सोडायची छाती होणार नाही. तो गरीब कल्हईवाला आहे म्हणून त्याला न्याय मिळत नाही, हेही तिनं तोंडावर सुनावलं.

जुना वाचक:
पहिल्या भागावर थांबू नका. तो 1678 चा. 1684 च्या दुसऱ्या भागात ख्रिस्तीची बायको चार मुलांना घेऊन त्याच वाटेनं निघते. मराठीत हरि केशवजींनी 1841 सालीच हे पुस्तक 'यात्रिक क्रमण' या नावानं आणलं होतं.

दोन मुलांची आई:
दुसरा भाग आहे हे माहीतच नव्हतं, तो वाचतेच. पण आधी एलिझाबेथ. तिचे हे जबाब कुठे मिळतील?

संडे स्कूलवाली:
बनियननंच लिहिलेल्या तुरुंगवासाच्या हकिकतीत. ती छापली गेली थेट 1765 मध्ये, तो वारल्यावर 77 वर्षांनी. छोटीशीच आहे, एका बैठकीत होईल.