मदत हवी आहे: बोक्याची लघवी पुन्हा अडकू नये म्हणून काय करता?

आमचा गुंड्या, चार वर्षांचा बोका. गेल्या मंगळवारी रात्रभर तो वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन जोर करत होता, कण्हत होता. मला वाटलं, बद्धकोष्ठ असेल. सकाळी पाहिलं तर सगळी वाळू कोरडी, एकच गुलाबीसर थेंब, आणि पोटाला हात लावू देईना. डॉक्टरांनी चाचपलं तर मूत्राशय मोसंबीसारखं टणक! बोक्यांची मूत्रनलिका मुळातच अरुंद, त्यात स्ट्रुव्हाइटची (लघवीत तयार होणाऱ्या खनिज-स्फटिकांची) बारीक खर अडकली होती. कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालून तीन दिवस सलाईनवर ठेवला. आणखी उशीर झाला असता तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकलं असतं. ती रात्र मी वाया घालवली, हे मनातून जात नाही.

आता घरी आहे. डॉक्टरांनी ओलं औषधी खाणं सांगितलंय, पण हा वास घेऊन मागे सरतो आणि जुन्या कोरड्या दाण्यांच्या डब्यापाशी जाऊन बसतो. पाणी तर नावालाच पितो. तुम्ही ओल्या खाण्याची सवय कशी लावलीत? मांजरांना प्यायला मिळतं त्या छोट्या पाण्याच्या कारंज्याचा खरंच उपयोग होतो का? पुन्हा अडकलं तर मूत्रमार्ग रुंद करायची शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात. कुणाच्या बोक्याची झाली असेल तर नंतर त्रास झाला का, कृपया सविस्तर सांगा.