प्रति: देवलोक म्हणजे सुटकाच ना?
'तावतिंसात (बौद्ध परंपरेतला एक देवलोक) जन्म मिळाला की जन्ममरणातून सुटलो' हे या चर्चेत वर आलेलं म्हणणं पटत नाही. आयुष्य लांबलचक आहे, हे खरं. तिथला एक दिवस म्हणजे आपली १०० वर्षं, आणि अशा दिवसांची १००० वर्षं. ३६० दिवसांचं वर्ष धरलं तर ३ कोटी ६० लाख मानवी वर्षं होतात. पण ती संपतातच, खुद्द सक्कालाही (आपला इंद्र) सूट नाही.

या चर्चेत कुणी काढला नाही तो मुद्दा इतिवुत्तकात (बुद्धवचनांचा पाली ग्रंथ) आहे. देवाचं मरण जवळ आलं की पाच खुणा दिसतात: गळ्यातल्या माळा कोमेजतात, वस्त्रं मळतात, काखेत घाम येतो, अंगाची कांती जाते आणि स्वतःच्या आसनावर मन रमत नाही. (काखेतला घाम! इतका घरगुती तपशील मला फार आवडतो.) मग बाकीचे देव त्याला निरोप देतात, 'सुगतीला जा' म्हणून. ही सुगती कोणती, असं एका भिक्खूने विचारल्यावर बुद्धांचं उत्तर आहे, मनुष्यजन्म. कारण धम्म ऐकून श्रद्धा जडते ती इथे. अजिंठ्याला गेलात तर १७ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत डावीकडे भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या याच फेऱ्याचं चित्र, बघा. बरंच झडलंय, पण चाक ओळखू येतं.