अखत्यारीत, हद्दीत की व्याप्तीत?

सेक्रेटरी: नमस्कार. आपल्या बेळगावच्या सोसायटीतर्फे महापालिकेला द्यायच्या गटाराच्या पत्राचा मराठी मसुदा: "सदर गटार आपल्या व्याप्तीत येत असल्याने ते दुरुस्त करावे." बदल असल्यास रात्रीपर्यंत कळवा.

देसाई काका, बी-२०४: 'व्याप्तीत' काढा. कन्नडमध्ये व्याप्ती म्हणजे अधिकार चालतो तो टापू. पोलीस ठाण्याची व्याप्ती असं तिकडे सर्रास लिहितात. मराठीत व्याप्ती म्हणजे पसारा, विषयाचा किंवा कामाचा. कन्नड नोटिसा रोज वाचून तो अर्थ आपल्या मराठीत शिरतोय, हे मला खरंच खटकतं.

कुलकर्णी वहिनी, ए-१०२: मग 'हद्दीत' लिहायचं का, काका?

देसाई काका: नको. हद्द ही जमिनीवरची रेघ. टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट महापालिकेच्या हद्दीत आहे, पण ते उघडणं-बंद करणं रेल्वेच्या अखत्यारीत. आपल्याला अधिकार विचारायचाय, म्हणून 'अखत्यारीत'. मूळ अरबी इख्तियार, म्हणजे निवडीची मुभा. मुखत्यार त्याच धातूतला, आपलं कुलमुखत्यारपत्र त्यावरूनच.

पाटील वकील, सी-३०१: काकांचं बरोबर. कोर्टासाठी मात्र 'अधिकारक्षेत्र' लिहा. तिथं जागा, विषय आणि दाव्याची रक्कम तिन्ही बघतात. जमिनीच्या मालकीचा दावा जमीन असेल तिथल्याच कोर्टात. खानापूरची जमीन असेल तर राहतं घर बेळगावात असून उपयोग नाही. ग्राहक तक्रार मात्र २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यातही चालते. जागेचा आक्षेप सुरुवातीलाच घ्यावा लागतो, उशिरा घेतला तर सहसा ऐकत नाहीत. विषयाचाच अधिकार नसेल तर तो मुद्दा कधीही काढता येतो.

कुलकर्णी वहिनी: सीमाप्रश्नाच्या दाव्यातही हाच शब्द येतो ना?

पाटील वकील: हो वहिनी. २००४ च्या त्या दाव्यात महाराष्ट्राचा आधार घटनेचं कलम १३१, म्हणजे राज्याराज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात नेण्याची तरतूद. कर्नाटकाचं म्हणणं, राज्यांच्या सीमा बदलणं कलम ३ नुसार संसदेचं काम, ते सुप्रीम कोर्टाच्या अधिकारक्षेत्रात येत नाही.

सेक्रेटरी: आणि अर्जच चुकीच्या ऑफिसात गेला तर?

पाटील वकील: माहिती अधिकाराचा असेल तर ५ दिवसांत योग्य खात्याकडे पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक. साध्या अर्जाला तशी सक्ती नाही, तो पडून राहतो. म्हणून शेवटी लिहा: "आपल्या अखत्यारीत नसल्यास संबंधित खात्याकडे पाठवून आम्हांस लेखी कळवावे." पोच शिक्क्यासह घ्या.

देसाई काका: कन्नड प्रतीत मात्र 'व्याप्ती'च ठेवा, तिथं तोच शब्द बरोबर आहे.