ज्येष्ठमधाची बेरीज कोण करणार?
"हर्बलच आहे, डोनेपेझिलबरोबर (स्मृतिभ्रंशावरचं औषध) चालेल की" असं म्हणताय, पण सासूबाईंना दिलेल्या त्या योकुकानसान या जपानी वनौषधी मिश्रणात सात वनस्पती असतात आणि त्यातला एक आपला ज्येष्ठमध, दिवसाच्या 7.5 ग्रॅम पावडरीमागे 1.5 ग्रॅम. त्याने काहींचं पोटॅशियम उतरतं, पाय सुजतात, बीपी चढतं. डोनेपेझिल मुळातच ठोके मंद करू शकतं, त्यात पोटॅशियम कमी म्हणजे लय बिघडायला आमंत्रणच. आणि खरी गंमत पुढे आहे, डोनेपेझिलने काहींच्या पायात गोळे येतात, मग जपानमधे त्यावर सर्रास देतात शाकुयाकु-कान्झो-तो हे दुसरं वनौषधी मिश्रण, त्यात ज्येष्ठमध तब्बल 6 ग्रॅम! दोन डॉक्टरांनी ही दोन्ही वेगवेगळी लिहून दिली तर ज्येष्ठमधाची बेरीज कोण करणार? चिडचिडीवर, भासांवर योकुकानसानचा उपयोग होतो हे मान्यच, पण पोटॅशियम तपासून घ्या आणि जपानमधली ती औषधांची वही, ओकुसुरी तेचो, दर वेळी फार्मसीत दाखवाच.