जुनी पिकअप, चिऱ्यांचा लोड: रेडियल की नायलॉन?

कणकवलीकर
भावाची पिकअप जुनी, स्प्रिंगचे पाटे बसलेले. एरवी चिरे, सिमेंट. सीझनला हापूसच्या पेट्या घेऊन वाशी. मागचे दोन्ही टायर गुळगुळीत झालेत. दुकानदार म्हणतो, "साइज तीच आहे, जीपचे घ्या, स्वस्त पडतील." मला हे पटत नाही. साइज जुळली म्हणजे टायर जुळला असं होत नाही. साइजच्या पुढे लोड इंडेक्स छापलेला असतो. 106 म्हणजे एका टायरवर 950 किलो, 100 म्हणजे 800. मागे दोन टायर, म्हणजे 300 किलोचा फरक. तीसेक किलोचा एक चिरा धरा, दहा चिरे झाले! तेही हवा पूर्ण असेल तर. म्हणून एलटी (हलक्या मालवाहू गाडीचा) छापलेला, 8 प्लायचा (हा आकडा टायरच्या ताकदीचा) रेडियलच, म्हणजे आडव्या धाग्यांचा टायर घ्यावा, आणि चारही घ्यावेत. बोला.

चिरेवाला
चारही रेडियल घाल आणि एकदा खाणीत ये, मगे समजात. रेडियलची बाजू पातळ. जांभ्याची धार लागली की उभी चीर पडता, ती काय दुरुस्त करूक येणा नाय. टायर फेकूचो. नायलॉन, म्हणजे जुन्या पद्धतीचो तिरक्या धाग्यांचो टायर, मार सोसता, आणि गावातलो पंक्चरवालोय बघता. माझे मागचे नायलॉनच, बटणवाले, म्हणजे जाड गुठळ्यांच्या नक्षीचे. पुढे रेडियल, स्टेअरिंग हलका लागता.

घाटवाला
पुढे रेडियल, मागे नायलॉन? घाटात हीच जोडी घात करते. पुढचे रस्ता धरून ठेवतात, मागचे आधी सुटतात. ओल्या फोंडा घाटात रिकामी गाडी उतरवताना मागचा भाग वळणावर बाहेर फेकला जातो. दोन जाती वापरायच्याच असतील तर रेडियल मागे. आणि एका एक्सलवर दोन जाती तर कधीच नाहीत. बटण चिखलात झकास, ओल्या डांबरावर नाही.

चिरेवाला
पावसात खाणी बंद. मगे माझी गाडी तेव्हा घाटात कित्याक जातली?

घाटवाला
मे महिन्यातला वळीव तुम्हाला विचारून पडतो का?

बंदरावरचा
तुमचं चिऱ्यांवरून चाललंय, आमचा वैरी खारं पाणी. मासळीच्या ट्रेमधलं बर्फाचं पाणी हौद्यातून थेट मागच्या रिमवर ठिबकतं. टायर जिथे रिमला बसतो त्या कडेला गंज धरला की ट्यूबलेसची हवा रात्रीत उतरते, आणि पंक्चर शोधत बसायचं. मी ट्यूबवालेच ठेवले. जुन्या गाडीला ट्यूबलेस घालायचे तर आधी रिम घासून रंगवा, नाहीतर पैसे पाण्यात.

कणकवलीकर
रिमचं मान्य. पण ट्यूब फुटली की हवा एकदम जाते. पाठीवर लोड आणि समोर उतार असताना ते नको. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतला तर बहुतेक वेळा हवा हळूहळू जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. रिम रंगवणं त्यापेक्षा स्वस्त.

आंबेवाला
नवे चार घ्यायला पैसे कोण देणार? आंब्याचा भाव तुम्हाला माहीत आहेच. पुढे नवे, मागे रिमोल्ड. चांगल्या ठिकाणी रबर चढवलं तर सीझन निघतो.

घाटवाला
केसिंग, म्हणजे टायरचा मूळ सांगाडा, धड असेल तर रिमोल्ड वाईट नाही, मी नावं ठेवणार नाही. पण ओव्हरलोड गाडीचं केसिंग आतून आधीच भाजलेलं असतं. त्यावर नवं रबर चढवून एप्रिल-मेच्या उन्हात लोड घेऊन हायवेला लागलात की पट्टाच्या पट्टा सुटून येतो. कडेला पडलेल्या त्या काळ्या साली बघितल्या असतीलच.

आणि टायर कुठलाही घ्या, हवा कमी असली की तो जास्त लवतो, तापतो आणि जातो. चहाला थांबलात की चारही टायरांवर हात फिरवा. जोडीतला एक दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर आधी त्याची हवा बघा. तापल्यावर प्रेशर वाढलेलं दिसतं म्हणून हवा सोडणारे महाभाग आहेत. थंड झाल्यावर तोच टायर कमी हवेवर धावतो. हवा सकाळी, टायर थंड असतानाच तपासायची.

बंदरावरचा
खरं दुखणं कोणी बोलत नाही. कागदावर सव्वा टन आणि हौद्यात दोन टन. त्याला कुठला लोड इंडेक्स पुरणार?

चिरेवाला
कमी भरलंय तर डिझेल सुटणा नाय. तू देतलंस फरक?

कणकवलीकर
दुकानात जाऊन आलो. "नवा माल" म्हणून जे दाखवले त्यांच्या बाजूवर छापलेल्या नंबराचे शेवटचे चार अंक 1820, म्हणजे 2020 च्या 18व्या आठवड्यात बनलेले. तसेच परत ठेवायला सांगितले. दुसरीकडे ताजे 8 प्लाय रेडियल मिळतायत. बजेट दोनांचंच निघालं, तर मागे तेच घालतो. पुढचे जुने रेडियलच आहेत, अजून खोबण आहे, 1.6 मिलिमीटरच्या खुणेपर्यंत रबर झिजलेलं नाही.

चिरेवाला
घाल बाबा. पण स्टेपनी नायलॉनची ठेव, खाणीत लागतली.

घाटवाला
आणि ती लावून घाट उतरू नकोस.